अष्टपादाचे मौन आणि पालकाचे उत्तरदायित्व

पाळीव प्राणी मलूल दिसू लागला म्हणजे मनुष्य प्रथम औषध शोधतो. गाय, कुत्रा किंवा पोपट यांच्या बाबतीत ही वृत्ती बहुधा हितकारक ठरते. कारण त्यांच्या दुखण्यांचा अनुभव मानवाने शतकानुशतके साठविलेला आहे. अष्टपादाची, म्हणजेच ऑक्टोपसची, गोष्ट निराळी आहे. तो काचेच्या टाकीत निश्चल पडून राहू लागला, खाद्य नाकारू लागला आणि कपारीबाहेर येईनासा झाला, तर पुष्कळदा दोष टाकीतच असतो. नाहीतर त्याचे आयुष्य सरत आलेले असते. या दोन अवस्थांतील भेद ज्यास ओळखता येत नाही, त्याने हा प्राणी पाळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. समुद्रापासून दूर असलेल्या दिल्लीसारख्या नगरात तर तो कोणीच हौसेखातर पाळू नये.

कोकणच्या किनाऱ्यावर म्हाकूळ सर्वांच्या परिचयाचे आहे. अष्टपाद त्याचाच आप्त. शंखशिंपल्यांच्या मृदुकाय संघातील, परंतु बाह्य कवच नसलेला. त्याला तीन हृदये असतात. त्याचे रक्त निळसर असते, कारण त्यातील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य लोहयुक्त नसून ताम्रयुक्त असते. पाणी तापले किंवा त्यातील आम्लता वाढली, की या द्रव्याची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती घटते. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. अशा वेळी प्राणी हालचाल आवरती घेतो. पाहणाऱ्यास तो उदास वाटतो. वस्तुतः तो गुदमरत असतो.

आता हिंदूराव भागातील एखाद्या घराची कल्पना करावी. कागलकर घाटग्यांपैकी हिंदूराव, म्हणजे बायजाबाई शिंद्यांचे बंधू, यांच्या नावाने दिल्लीच्या उत्तरेकडील ही टेकडी ओळखली जाते. तिच्या पूर्वेस यमुनेच्या अंगाला चंद्रावल आणि वझीराबाद येथील जलशुद्धीकरण केंद्रे आहेत. नदीच्या पाण्यातील अमोनिया वाढल्यामुळे या केंद्रांचे उत्पादन हिवाळ्यात अनेकदा घटवावे लागते, हे दिल्लीकरांना ठाऊक आहे. माणसाला नळाचे जे पाणी चालते, ते अष्टपादाला चालेलच असे नाही. जंतुनाशासाठी मिसळलेले क्लोरिन, अमोनियाशी संयोग होऊन बनणारे क्लोरामिन, जुन्या जोडण्यांतून उतरणारे तांबे, यांतील प्रत्येक पदार्थ त्याच्या उघड्या त्वचेस व कल्ल्यांस घातक आहे. ज्याच्या रक्तात तांबे आहे, त्यालाच पाण्यातील तांबे मारक ठरावे, हा निसर्गाचा विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. माशांच्या रोगांवरील ताम्रयुक्त औषध अशा टाकीत कदापि टाकू नये.

म्हणून मलूलपणा दिसताच पहिली परीक्षा पाण्याची करावी. अमोनिया व नायट्राइट यांचा मागमूसही नसावा. दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असावेत. तापमान त्या जातीच्या मूळ समुद्राप्रमाणे स्थिर असावे. दोष आढळल्यास शुद्ध पाण्यात सागरी क्षार मिसळून आधीच सिद्ध केलेल्या पाण्याने टाकीतील चौथा हिस्सा बदलावा आणि हवा खेळती ठेवावी. दिल्लीचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत वीज काही तास गेली, तर पाणी थंड राखणारे यंत्र आणि हवेचा पंप दोन्ही एकदमच बंद पडतात, याचाही विचार आधीच केलेला असावा.

पाणी निर्दोष असूनही प्राणी आत दडून बसत असेल, तर दुसरा विचार करावा. पुष्कळ जाती निशाचर आहेत. दिवसा त्या दडतातच. नवा आलेला प्राणीही काही दिवस बाहेर येत नाही. परंतु रित्या टाकीतील कंटाळा हेही एक कारण असू शकते. सामान्य अष्टपादाला सुमारे ५० कोटी मज्जापेशी असतात आणि त्यांपैकी दोनतृतीयांश त्याच्या भुजांत असतात. सिॲटल येथील मत्स्यालयात जेनिफर मॅदर आणि रोलंड अँडरसन यांनी १९९९ साली नोंदविले की, पाण्यावर तरंगणारी रिकामी औषधाची बाटली काही अष्टपाद फवारा मारून पुनःपुन्हा दूर ढकलीत असत. या वर्तनाला त्यांनी क्रीडा म्हटले. अशा प्राण्यास दगडांची कपार, मंद प्रकाश आणि झाकणाच्या बरणीतील जिवंत खेकड्यासारखे एखादे कोडे मिळालेच पाहिजे.

तिसरे कारण मात्र उपायापलीकडचे आहे. बहुतेक जातींचे आयुष्य एकदोन वर्षांचेच असते. मादी एकदाच अंडी घालते, त्यांची राखण करते, अन्न वर्ज्य करते आणि मरण पावते. नराशी संबंध न आलेली मादीही निष्फळ अंडी घालून त्यांवर असाच पहारा देते. नरही वार्धक्यात खाणे सोडतो व दिशाहीन भटकतो. दोघांच्याही त्वचेवर न भरणारे पांढरे व्रण उमटतात. जेरोम वोडिन्स्की यांनी १९७७ साली दाखविले की, अंडी घातलेल्या मादीच्या दृक्-ग्रंथी काढून टाकल्यास ती पुन्हा खाऊ लागते आणि अधिक काळ जगते. म्हणजे हा अंत आजाराने ओढवलेला नसून देहातच नेमलेला असतो. तेव्हा जुलमाने भरविणे, वारंवार हाताळणे, टाकी बदलणे हे सारे छळ ठरते. अंधार, शांतता व स्वच्छ पाणी एवढेच द्यावे. बाजारात येणारे अष्टपाद पुष्कळदा समुद्रातून पूर्ण वाढलेले पकडलेले असतात आणि त्यांचे वय कोणासही सांगता येत नाही. त्यामुळे ग्राहक पुष्कळदा आयुष्याचा शेवटचा तुकडाच घरी आणतो.

कोणी म्हणेल, या कवचहीन जीवाला वेदना ती कसली? २०२१ साली रॉबिन क्रुक यांनी केलेल्या प्रयोगांत, अम्ल टोचल्यानंतर ज्या कप्प्यात ठेवले होते तो कप्पा अष्टपादांनी पुढे टाळला आणि वेदनाशामक मिळाले त्या कप्प्याकडे ते वळले. ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने अष्टपादांना संवेदनक्षम प्राण्यांत गणले. आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा याबाबत मुळातच उदार आहे. मनुष्याखेरीज कोणताही सजीव म्हणजे प्राणी, अशी त्याची व्याख्या आहे आणि प्राण्याचे स्वास्थ्य राखण्याचे कर्तव्य तिसऱ्या कलमाने पालकावर सोपविले आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्या कायद्याचा पाठपुरावा केला, त्याच्या कक्षेत काचेमागचा हा मूक जीवही येतो.

ज्याच्या घरी अष्टपाद आलाच असेल, त्याने वरील क्रमाने परीक्षा करावी आणि अखेरची वेळ ओळखून त्याला निवांतपणे जाऊ द्यावे. त्यानंतर दुसरा आणू नये. कुतूहल उरलेच, तर ओहोटीच्या वेळी कोकणातील खडकाळ किनाऱ्यावर जावे आणि डबक्यांच्या काठाशी स्वस्थ बसावे. तिथे एखादा दिसला, तर तो आपल्या इच्छेने बाहेर आलेला असेल.