नाणे टांकसाळीत चुकले की बाहेर बिघडले?

सुटे पैसे मोजताना एखादे नाणे वेगळेच दिसते. कड कापलेली, आकडा पुसट, छाप एका बाजूला सरकलेला. घरातले कोणीतरी लगेच म्हणते, "ठेवून दे, अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात." मोबाइलवर तशी जाहिरातही सापडते. नाण्याचे छायाचित्र पाठवले की खरेदीदार आनंदाने लाखांचा आकडा सांगतो, आणि मग 'नोंदणी शुल्क', 'कर', 'कमिशन' अशा नावांनी आधी पैसे भरायला लावतो. हे प्रकार इतके वाढले, की रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना जाहीरपणे सावध करावे लागले. अशा व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणतेही शुल्क घेत नाही, असे तिने स्पष्ट केले.

टांकसाळीत चुकलेली नाणी असतात आणि हौशी संग्राहक त्यांना चांगली किंमतही देतात, हे खरेच आहे. पण घरोघरी जपून ठेवलेल्या 'चुकीच्या' नाण्यांपैकी बहुतेक टांकसाळीतून अगदी धडधाकट बाहेर पडलेली असतात. त्यांचे जे काही झाले, ते नंतर झाले. हा फरक ओळखायला नाणे कसे तयार होते, एवढे कळले तरी पुरते.

धातूच्या लांब पट्टीतून आधी गोल चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, काठ किंचित उचलून घेतात आणि मग दोन ठशांमध्ये ठेवून प्रचंड दाबाने छापतात. छापताना चकतीभोवती एक कडे असते. त्यामुळे धातू बाहेर पसरत नाही. यातली कोणतीही पायरी चुकली, तर त्या चुकीची खूण धातूमध्ये ठरावीक पद्धतीनेच उमटते. नंतर हातोडी, कानस किंवा आम्ल लावून केलेल्या करामतीला नेमकी तीच खूण साधत नाही.

सोपे उदाहरण रेघेचे. नाण्यावर रेघ दिसली, तर ती बोटाला उठावदार लागते की खोल, ते पाहावे. ठशाला तडा गेला, तर दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो आणि प्रत्येक नाण्यावर उंच रेघ उमटते. खोल रेघ म्हणजे बहुतेक वेळा ओरखडाच. किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशात फिरलेल्या नाण्यावर असे ओरखडे डझनाने सापडतात.

कड कापलेल्या नाण्यात अधिक गंमत आहे. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणारा पंच आधीच्या भोकावर काही प्रमाणात पडतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. ही तुटकी चकती पुढे छापली जाते. म्हणून तुटीजवळची अक्षरे ओढल्यासारखी निमुळती होतात आणि तुटीच्या बरोबर समोरच्या बाजूचा काठही अशक्त, पुसट राहतो. कात्रीने किंवा कानशीने तुकडा काढणाऱ्याला ही समोरची बाजू सुचत नाही. तिथला काठ ठसठशीत असतो आणि तुटीपाशी अक्षर पूर्ण उंचीवर असतानाच कापलेले दिसते.

संग्राहकांत 'ब्रोकेज' या प्रकाराला मोठा मान. छापलेले नाणे ठशालाच चिकटून राहते आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते. त्या चकतीच्या एका बाजूला नेहमीचा छाप, तर दुसऱ्या बाजूला तोच छाप आरशातल्यासारखा उलटा आणि खोल उमटतो. याची नक्कल करणारे दोन नाणी शेगड्यात, म्हणजे वर्कशॉपमधल्या व्हाइसमध्ये, आवळतात. उलटी अक्षरे उमटतात खरी, पण खाली मूळ छाप शिल्लक असतो आणि त्याचे उंच भाग चेपलेले असतात. अस्सल ब्रोकेजमध्ये त्या बाजूला मूळ छापाचा मागमूस नसतो. तो तिथे कधी पडलेलाच नसतो!

वजनाचा काटाही मदत करतो. 1992 पासूनचा स्टेनलेस स्टीलचा 25 मिलिमीटरचा रुपया 4.85 ग्रॅमचा, तर त्याच काळातले ताम्र-निकेलचे दोन रुपये 6 ग्रॅमचे. नाणे पातळ, पुसट आणि वजनातही हलके असेल, तर आम्लाचा संशय घ्यावा. सोनेरी दिसणारा स्टीलचा रुपया वजनात बरोबर असून चुंबकाला चिकटत असेल, तर त्यावर कोणीतरी मुलामा चढवला आहे असे समजावे. अर्थात वजन बरोबर म्हणजे चूक अस्सल, असे मात्र नव्हे. हातोडीने ठोकून पसरवलेल्या नाण्याचे वजन कुठे कमी होते?

काही नाण्यांत तर चूकही नसते आणि बिघाडही नसतो. सालाखाली खूण नाही म्हणून नाणे दुर्मीळ, असे सांगून ते विकणारे भेटतात. मुंबईच्या टांकसाळीची खूण चौकटीच्या आकाराची, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. कोलकाता टांकसाळ मात्र खूणच करत नाही. नोकरीनिमित्त कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हाती अशी बिनखुणेची नाणी पडली, तर त्यात नवल नाही. ती त्याच शहराच्या दक्षिणेला, अलीपूरला तयार झालेली असतात. या टांकसाळीचे उद्घाटन मार्च 1952 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी केले होते. दहा रुपयांच्या नाण्याचेही तसेच. त्याचे निरनिराळे नमुने पाहून दुकानदार नाणी नाकारू लागले, तेव्हा जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की तोपर्यंत निघालेले चौदाही नमुने वैध आहेत.

आपल्याकडच्या शिवराईबद्दलही हाच घोटाळा होतो. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' आणि त्यातले एखादे अक्षर नाण्याबाहेर गेलेले. पण ही तांब्याची नाणी हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि चकती लहान असल्याने छापाचा काही भाग बाहेर राहणे हे त्या काळचे नेहमीचेच होते. अशी शिवराई 'चुकीची' म्हणून जादा पैसे मागणारा एक तर अज्ञानी असतो, नाहीतर फारच हुशार.

आणखी एक गोष्ट. नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे 2011 च्या नाणे कायद्याने निषिद्ध आहे. तेव्हा दहा रुपयांच्या नाण्यातली मधली चकती ठोकून काढण्याचा आणि उलटी बसवण्याचा उद्योग मुलांना खेळ म्हणूनही करू देऊ नये. अशा नाण्याचा सांधा सैल होतो, कडेला अवजाराचे व्रण राहतात आणि ते भिंगाखाली लगेच दिसतात. एरवी संशयास्पद वाटणारे नाणे चिंचेने किंवा पितांबरीने मुळीच घासू नये. कागदाच्या पाकिटात घालून ते जाणत्या नाणेसंग्राहकाला प्रत्यक्ष दाखवावे. फोटोवरून किंमत सांगणाऱ्यावर आणि आधी पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ठशाच्या बारीक तड्यासारख्या किरकोळ चुकांना फारशी किंमत नसते, हेही आधीच कळलेले बरे.

आजीच्या पेटीतला राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया हे जरा वेगळे प्रकरण. पूर्वी लहान मुलाच्या गळ्यात घालायला त्याला कडी लावत. पुढे ती काढली, तरी काठावर डाग राहतो. संग्राहक त्याला बिघडलेले नाणे म्हणतात आणि भाव पाडतात. पण त्याचे मूळ वजन 11.66 ग्रॅम आणि त्यात जवळजवळ 92 टक्के चांदी. सोनार डागाकडे पाहत नाही, तो काट्यावर ठेवतो.