केरवाच्या काठी राहून ‘बघण्यासारखे काही नाही’?



भोपाळजवळच्या केरवा धरणापाशी कॉटेज घेऊन राहिलेल्या वाचकांचे ‘तलाव सोडला तर काय आहे तिथे?’ हे पत्र वाचले. आम्हा भोपाळकरांना ते झोंबले, हे खरे.

भोजपूरला ते गेले असावेत, पण शिवलिंगाला हात जोडून लगेच परतले असणार. अर्धवट राहिलेल्या त्या अकराव्या शतकातल्या मंदिराभोवतीच्या खडकांवर कारागिरांनी खांबांचे, शिखराचे आराखडे कोरून ठेवले आहेत. तिरप्या उन्हात रेघा स्पष्ट दिसतात. मागे दगड वर चढवण्यासाठी रचलेला मातीचा उतारही आहे. देऊळ कसे बांधत होते, हे इतके उघड क्वचितच दिसते.

भीमबेटका हे शैलचित्रांचे ठिकाण तर आपल्या वि. श्री. वाकणकरांनी १९५७ साली उजेडात आणले. मराठी माणसाने ते टाळावे? भोपाळजवळच्या दोराह्याला पाहण्याजोगे फारसे नाही, पण बाजीरावाने निजामाकडून जानेवारी १७३८ मध्ये तह लिहून घेतला तो तिथेच.

त्या पत्रातली जेवणाबद्दलची तक्रार मात्र अजिबात पटत नाही. सकाळी पोहे-जलेबी खावी (पोह्यांवर शेव हवीच), दुपारी दाल-बाफले. कणकेचे गोळे आधी उकळून, मग गोवऱ्यांवर भाजून तुपात बुडवतात. दोनात माणूस आडवा होतो. जुन्या शहरात मीठ घातलेला सुलेमानी चहाही प्यावा.

केरवा-कलियासोतच्या रानवाटांवर अंधार पडल्यावर मात्र फिरू नये. तिथे वाघांचा वावर आहे.

— एक वाचक, भोपाळ