मीरा रोडचं कोर्ट ते हायकोर्ट: ट्रायल कोर्टाच्या न्यायाधीशाचं करिअर कसं असतं?

११ जुलै २००६. संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले. त्यातला एक मीरा रोड-भाईंदरच्या दरम्यान. १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष मकोका न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने या सगळ्यांची शिक्षा रद्द केली. तीनच दिवसांनी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, या निकालाचा दाखला इतर केसमध्ये देता येणार नाही. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही.

मग प्रश्न पडतो, ट्रायल कोर्टात बसणारा न्यायाधीश येतो कुठून?

पहिली पायरी: परीक्षा

अमेरिकेत फेडरल ट्रायल कोर्टाचा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष निवडतात, सिनेट मंजुरी देते आणि पद आयुष्यभर राहतं. आपल्याकडे सुरुवात एमपीएससीच्या परीक्षेने होते. पूर्व, मुख्य आणि मग मुलाखत. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली.

निवड झाली की पद मिळतं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. मार्च २०२५ मध्ये मीरा-भाईंदरला सुरू झालेलं कोर्ट याच पायरीचं. हा न्यायाधीश जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद देऊ शकतो. खुनाची केस सेशन्स कोर्टात जाते.

दुसरी पायरी: जिल्हा न्यायाधीश

पुढे वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. सात वर्षं वकिली केलेल्यांना थेट परीक्षा देऊनही इथे येता येतं. सेशन्स कोर्ट फाशी देऊ शकतं, पण हायकोर्टाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय ती अमलात येत नाही.

तिसरी पायरी: हायकोर्ट

इथे परीक्षा नाही. कॉलेजियमची शिफारस लागते. बहुतेक जागा वकिलांमधून भरल्या जातात, त्यामुळे न्यायिक सेवेतले थोडेच जण इथवर पोचतात.

त्यातलं एक नाव म्हणजे एम. एल. तहलियानी. २००२ मध्ये गुलशन कुमार हत्येच्या केसमध्ये त्यांनी १९ पैकी १८ आरोपींना सोडलं. त्यातल्या एकाला २०२१ मध्ये हायकोर्टाने दोषी ठरवलं. २००९ मध्ये त्यांच्यासमोर आली २६/११ ची केस. आर्थर रोड जेलमधल्या विशेष कोर्टात त्यांनी ६ मे २०१० ला कसाबला फाशी सुनावली. पण देशभर संताप असताना त्याच केसमधल्या दोन भारतीय आरोपींना त्यांनी पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाने फाशी आणि सुटका, दोन्ही कायम ठेवल्या. २०११ मध्ये तहलियानी हायकोर्टात गेले आणि २०१५ मध्ये राज्याचे लोकायुक्त झाले.

मग 'खालचं कोर्ट' म्हणायचं का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितलं, ट्रायल कोर्टाला 'खालचं कोर्ट' म्हणणं थांबवा. ओक यांनी वकिली ठाण्याच्या जिल्हा कोर्टात सुरू केली होती आणि मीरा-भाईंदरच्या कोर्टाचं उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झालं.

साक्षीदाराला समोर उभं करून ऐकणारं कोर्ट हेच. वरच्या कोर्टात बहुतेक वेळा कागदच पोचतात. इथे पुरावा नीट तपासला गेला नाही, तर दुरुस्तीला किती वर्षं लागतात? लोकल स्फोटांच्या केसमध्ये निकालाला नऊ वर्षं लागली आणि अपिलाला आणखी जवळपास दहा. तोवर ज्यांचं माणूस गेलं ते न्यायाची वाट बघत राहिले, आणि १२ जण तुरुंगात होते. त्यातला एक जण सुटका ऐकायला जिवंतही नव्हता.

पुढच्या वेळी मोठ्या निकालाची बातमी आली की आरोपीच्या नावासोबत हेही बघा: निकाल कोणत्या पायरीवरचा आहे, आणि पुढे किती पायऱ्या बाकी आहेत.