दोनशे तासांची वही



गेल्या महिन्यात चकलांब्याहून एक जुने स्नेही घरी आले. गेवराई तालुक्यातील या गावी त्यांचे तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान आहे. मी त्या भागातील शाखेत असताना कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी दरवर्षी आमची बैठक होत असे. या वेळी सोबत नातू होता. बारावी विज्ञान शाखेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला. "साहेब, याला वैमानिक व्हायचे आहे. दुकानाची जागा तारण ठेवली, तर कर्ज मिळेल ना?" शेठजींनी थेट विषयाला हात घातला.

ज्या बीडमध्ये रेल्वे पोहोचायला २०२५ साल उजाडले, त्या जिल्ह्यातील मुलाने आकाशाकडे पाहावे याचा मला आनंद झाला. पण कर्ज देण्याआधी ते कशासाठी हवे, हे विचारण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मी मुलाला विचारले, "या पैशांतून तू नक्की काय घेणार?" तो म्हणाला, "परवाना." बहुतेक कुटुंबांची गल्लत येथेच होते. परवाना हा कागद आहे. त्याच्यामागे उभे असतात ते उड्डाणाचे तास.

आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास विमानाची सर्व जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेऊन उडावे लागते. या शंभरांतले ५० तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे असावे लागतात आणि त्यांत एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून करावा लागतो. शिवाय बाहेर न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे १० तास आणि रात्रीचे ५ तास. हवामानशास्त्र, मार्गनिर्देशन, विमानन नियम इत्यादी विषयांच्या लेखी परीक्षा वेगळ्याच.

एवढे झाले म्हणजे नोकरी मिळाली, असे नाही. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा एखाद्या मोठ्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण, कंपनीची लेखी परीक्षा, सिम्युलेटरवरील चाचणी आणि मुलाखत हे टप्पे पुढे असतात. त्यानंतर तो सहवैमानिक होतो. कप्तानपदासाठी लागणाऱ्या वरिष्ठ परवान्याला १,५०० तास हवेत. १९८४ साली विसाव्या वर्षी इंडियन एअरलाइन्समध्ये दाखल झालेल्या निवेदिता भसीन १ जानेवारी १९९० रोजी मुंबई–औरंगाबाद–उदयपूर मार्गावर जेट विमानाच्या कप्तान झाल्या. वय अवघे २६. इतक्या तरुण वयातल्या त्या यशामागेही पाच-साडेपाच वर्षांची नोंदवही होती.

अमेरिकेत २०१३पासून सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तास आवश्यक केले आहेत. २००९ साली बफेलो शहराजवळ झालेल्या विमान अपघातात ५० जणांचे प्राण गेले, त्यानंतरचा हा नियम. लक्षात घेण्याजोगे असे, की त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास दीड हजारांहून अधिकच होते. म्हणजे केवळ बेरीज पुरेशी नाही. त्या तासांत माणूस काय शिकला, हेही महत्त्वाचे.

आता हिशेब पाहू. संपूर्ण प्रशिक्षणाचा खर्च आज अर्ध्या कोटीच्या घरात जातो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत मान्यताप्राप्त वैमानिक प्रशिक्षण बसते. परंतु साडेसात लाखांपुढे तारण द्यावे लागते. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते. नोकरी त्या वर्षात मिळेलच, याची हमी कोणीही देत नाही. २०२३ साली एअर इंडिया आणि इंडिगो यांनी शेकडो विमानांची मागणी नोंदवली, हे खरे. त्याच वर्षी गो फर्स्ट बंद पडली आणि त्याआधी २०१९ साली जेट एअरवेज जमिनीवर आली, हेही तितकेच खरे. अशा वेळी अनुभवी वैमानिक बाजारात येतात आणि दोनशे तासांच्या नवख्याला थांबावे लागते. त्या काळातही हात चालता ठेवण्यासाठी उड्डाण करावे लागते, आणि त्यालाही पैसा लागतो. म्हणून कर्जाच्या आकड्यात प्रतीक्षेच्या काळाची तरतूद धरलीच पाहिजे.

शेठजींना मी आणखी एक गणित मांडून दाखवले. समजा, एखाद्या संस्थेत ३० विद्यार्थी आणि ४ विमाने आहेत. विद्यार्थ्यांना एकूण ६,००० तास हवेत. प्रत्येक विमान वर्षातले २५० दिवस रोज ४ तास उडाले, तरी चार विमानांचे ४,००० तासच होतात. म्हणजे दीड वर्ष. पावसाळा आणि दुरुस्ती लांबली तर त्याहून अधिक. गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर, कुठेही जा, इमारत पाहण्याआधी उडण्याच्या स्थितीतील विमाने मोजावीत. विमानन महासंचालनालय २०२५पासून संस्थांची श्रेणी जाहीर करते, तीही पाहावी. शुल्क एकरकमी न भरता उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्यांनी भरावे. आणि या सर्वांच्या आधी वैद्यकीय तपासणी, पहिल्या श्रेणीचीसुद्धा, पूर्ण करून घ्यावी. डोळ्यांतला किंवा कानांतला दोष तीस लाख भरल्यावर कळणे हा सर्वांत महाग तोटा.

निघताना शेठजी जरा दबक्या आवाजात म्हणाले, "एक मध्यस्थ भेटला होता. म्हणाला, सव्वाशे तास उडवा, बाकीचे वहीत मांडून घेऊ. दहा लाख वाचतील. सगळेच करतात म्हणे."

मी काही क्षण गप्प राहिलो. २०११ साली राजस्थानात न झालेल्या उड्डाणांचे तास नोंदवून परवाने मिळवल्याचे प्रकरण बाहेर आले, अटका झाल्या, बनावट गुणपत्रिकांची प्रकरणेही उघडकीस आली आणि देशभरातील परवान्यांची तपासणी झाली. विमानाची स्वतःची नोंदवही असते, इंधनाची नोंद असते, संस्थेचे दैनंदिन उड्डाणपत्रक असते. आपल्याकडे रोजमेळ, पावती आणि खतावणी जशी एकमेकींशी ताडून पाहतात, तशी ही सर्व पाहता येतात. खोटी नोंद दहा वर्षांनीही सापडते. पण पकडले जाण्याची भीती हे माझे खरे कारण नव्हते.

मी विचारले, "शेठजी, तुमच्या वहीत खोटी रक्कम लिहिली तर नुकसान कोणाचे?"

"माझे. फार तर सावकाराचे."

"आणि याच्या वहीत?"

शेठजी काही बोलले नाहीत. उत्तर नातवाने दिले. "काका, मागे बसलेल्या दीडशे-दोनशे माणसांचे. आणि त्यांना ते माहीतही नसणार."

परवा शेठजींचा फोन आला. मध्यस्थाला नकार कळवला आहे. मुलाची दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी झाली आहे, पहिल्या श्रेणीची पुढील महिन्यात आहे. दोघे आजोबा-नातू धुळे आणि बारामती येथे जाऊन विमाने मोजून आले. दुकानाची जागा तारण ठेवण्याचा निर्णय मात्र वैद्यकीय निकाल हाती येईपर्यंत राखून ठेवला आहे.

वैमानिकाच्या नोंदवहीत प्रत्येक पानाच्या शेवटी एकूण तासांची बेरीज करून ती पुढील पानावर ओढतात. आपल्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर हेच केले. मागील पान खरे असेल, तरच पुढे ओढलेल्या बेरजेला अर्थ राहतो.