पाट्या एकतीस लाख, दारे सात लाख

रविवारची सकाळ. घरातली कामे आटोपत आलेली असतात, एवढ्यात दाराची घंटा वाजते. दारात दोन तरुण उभे. गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक आणि काही मुलांचे छायाचित्र. "काकू, अनाथ मुलांसाठी काही मदत..." गृहिणी घुटमळते. नाही म्हणावे तर दिवसभर मनाला रुखरुख. द्यावे तर शंका, की हा पैसा मुलांपर्यंत पोचेल का? अखेर पन्नासाची नोट दिली जाते, पावती घेतली जाते आणि ती दूरध्वनीच्या बिलांबरोबर खणात जाऊन पडते. तिच्यावर संस्थेचे नाव काय आहे, हे कोणी वाचत नाही.

इंदूर असो, बडोदे असो, हैदराबाद असो की नागपूर, हा प्रसंग सगळीकडे सारखाच. देणाऱ्याच्या मनातला प्रश्नही सारखाच. या देशात सेवाभावी म्हणवणाऱ्या संस्था आहेत तरी किती, आणि त्यांत खऱ्या किती?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून कोणीही चकित होईल. केंद्रीय सांख्यिकी संघटनेने देशभरातील नोंदणी कार्यालयांतून माहिती गोळा केली, तेव्हा २००८ पर्यंत नोंदलेल्या ना-नफा संस्थांचा आकडा ३१ लाखांवर गेला. २०१५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने सर्वोच्च न्यायालयात सादर केलेला आकडाही ३१ लाखांच्या घरातलाच होता. म्हणजे साधारण ४०० भारतीयांमागे एक संस्था. देशातल्या शाळांची संख्या १५ लाखांच्या आसपास आहे. शाळांच्या दुपटीने सेवाभावी संस्था! एवढे हात सेवेला असताना एकही मूल उघड्यावर झोपू नये आणि एकही म्हातारी औषधावाचून राहू नये. पण तसे नाही, हे सर्वांना दिसतेच आहे.

मग या संस्था आहेत कुठे? सांख्यिकी संघटनेची माणसे कागदावरचे पत्ते घेऊन प्रत्यक्ष शोधायला निघाली. सगळ्याच पत्त्यांपर्यंत ती पोचली असे नाही, पण जिथे पोचली तिथेही बहुसंख्य ठिकाणी संस्था नव्हतीच. शोधून सापडल्या त्या जेमतेम सात लाख. बाकीच्यांचे काय झाले असेल? कोणाचा संस्थापक वारला, कोणाचे कार्यकर्ते पांगले, कोणी घर बदलले. काही संस्था एखादे अनुदान मिळवण्यापुरत्याच जन्मल्या आणि काहींनी नोंदणीच्या कागदाशिवाय काहीच पाहिले नाही.

जन्माची नोंद, मृत्यूची नाही

याचे मूळ एका जुन्या कायद्यात आहे. संस्था नोंदणी कायदा १८६० चा. सत्तावनच्या उठावानंतर तीन वर्षांनी इंग्रज सरकारने तो केला. वाचनालये, विद्वत्सभा, धर्मादाय मंडळ्या यांना कायद्याचे अस्तित्व द्यावे, हा हेतू. अट अगदी सोपी : सात माणसांनी एकत्र यावे, उद्देश लिहून द्यावेत आणि फी भरावी. दरवर्षी कार्यकारिणीच्या सदस्यांची यादी पाठवावी. पैशाचा हिशेब सरकारकडे द्यावा, असे मूळ कायद्यात नव्हते. संस्था बंद करायची तर मात्र तीन पंचमांश सदस्यांनी ठराव करावा लागतो. ज्या संस्थेचे सदस्य सभेलाच येत नाहीत, तिचा शेवटचा ठराव कोण करणार? म्हणून जन्माची नोंद होते, मृत्यूची होत नाही आणि मेलेल्या संस्थाही आकड्यात जिवंत राहतात.

पुढे अनेक राज्यांनी आपापले कायदे केले, नियम कडक केले. तरीही २०१५ मधल्या त्या माहितीनुसार वार्षिक हिशेब सादर करणाऱ्या संस्था दहा टक्क्यांहूनही कमी निघाल्या. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर तीव्र नापसंती व्यक्त केली आणि सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांचे हिशेब तपासण्यास सांगितले.

आकडा फुगला तो मुख्यतः गेल्या पन्नास वर्षांत. १९७० पर्यंत देशात सुमारे १ लाख ४४ हजार संस्था नोंदल्या गेल्या होत्या. पुढच्या दहा वर्षांत पावणेदोन लाखांची भर पडली. १९८० च्या दशकात साडेपाच लाख आणि १९९० च्या दशकात ११ लाखांहून अधिक. ग्रामविकासाच्या सरकारी योजना संस्थांमार्फत राबवण्याचे धोरण याच काळात आले. १९८६ मध्ये त्यासाठी 'कपार्ट' ही स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. चांगल्या संस्थांना बळ मिळाले, तसे अनुदानावर डोळा ठेवून निघालेल्या संस्थांचेही पीक आले. पुढे 'कपार्ट'लाच अनेक संस्थांना काळ्या यादीत टाकावे लागले.

नोंदणीत महाराष्ट्र सर्वांत पुढे. २००९ च्या सुमारास देशातील ३३ लाख नोंदींपैकी ४ लाख ८० हजार एकट्या महाराष्ट्रात होत्या. त्याखालोखाल आंध्र प्रदेश आणि उत्तर प्रदेश. महाराष्ट्रात समाजसेवेची परंपरा मोठी, हे तर खरेच. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापला. पुण्याचे सेवासदन रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सुरू केले. पण १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यामुळे मंदिरापासून व्यायामशाळेपर्यंत सर्वांनाच धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरात यावे लागते, हेही या मोठ्या आकड्याचे एक कारण आहे.

एका छपराखाली सगळेच

दुसरी गोष्ट अशी की, 'धर्मादाय' या शब्दाखाली कोण कोण बसते, याची सामान्य माणसाला कल्पना नसते. अनाथाश्रम आणि वृद्धाश्रम तर आहेतच. पण लाखो रुपये शुल्क घेणारे महाविद्यालयही बहुधा एखाद्या विश्वस्त संस्थेचेच असते, कारण आपल्या कायद्यात शिक्षण आणि वैद्यकीय मदत ही धर्मादाय कामे मानली आहेत. शहरातले चकचकीत रुग्णालयही तसेच. महाराष्ट्रात अशा धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कित्येक कुटुंबे दागिने मोडून बिल भरतात. याच पंक्तीला गावचे भजनी मंडळ आहे, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ आहे आणि महिला मंडळही आहे. इतकेच काय, देशातले सर्व क्रिकेट ज्याच्या हाती आहे ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळसुद्धा तामिळनाडूच्या संस्था कायद्याखाली नोंदलेली एक संस्थाच आहे! अब्जावधींची उलाढाल करणारे मंडळ आणि पाच बायकांनी चालवलेली बालवाडी सरकारी गणतीत एकेकच मोजली जाते.

या गर्दीतली खरी माणसे कशी आहेत? दिल्लीच्या 'प्रिया' या संस्थेने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या साहाय्याने केलेली पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाने देशात सुमारे १२ लाख ना-नफा संस्था काम करीत होत्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक खेड्यांत होत्या. सुमारे तीन चतुर्थांश संस्थांत पगारी माणूस एकही नव्हता किंवा असला तर एकच. एक चतुर्थांशाहून अधिक संस्था धार्मिक, पाचवा हिस्सा समाजसेवेच्या आणि जवळपास तेवढ्याच शिक्षणाच्या. सर्वांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे : जवळजवळ निम्म्या संस्थांची कुठेही नोंदणीच नव्हती.

म्हणजे कागदावर असलेल्या लाखो संस्था जमिनीवर नाहीत आणि जमिनीवर असलेल्या लाखो मंडळ्या कागदावर नाहीत. पुरात शेजारच्या वस्तीला भाकऱ्या पोचवणारे तरुण, मृतदेहाला खांदा द्यायला मध्यरात्री उठणारी मंडळी, आपल्या ओसरीवर कामवालीच्या मुलांना शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिका यांच्याजवळ पावतीपुस्तक नसते. देशातली सेवा बऱ्याच अंशी याच हातांवर उभी आहे.

पैसा कोणाकडे जातो?

अशोका विद्यापीठाच्या एका केंद्राने केलेल्या पाहणीनुसार २०२०-२१ मध्ये भारतीय कुटुंबांनी सुमारे २३ हजार ७०० कोटी रुपये दान केले. ६४ टक्के कुटुंबांचे दान धार्मिक संस्थांकडे गेले आणि ६१ टक्के कुटुंबांनी भिकाऱ्यांना दिले. धार्मिक नसलेल्या संस्थांकडे वळणारी कुटुंबे जेमतेम ५ टक्के. देवाच्या पेटीत टाकताना शंका येत नाही, हात पसरणाऱ्याच्या हातावर ठेवतानाही येत नाही. शंका येते ती पावतीपुस्तक पाहून. कागदी संस्थांनी केलेले सर्वांत मोठे नुकसान हेच. त्यांनी पैसा खाल्ला असेल तो असेल, पण खऱ्या संस्थांवरचा विश्वासही खाल्ला.

दुसरा मोठा ओघ कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. २०२२-२३ मध्ये ही रक्कम ३० हजार कोटींच्या आसपास होती. पण कारखाने आणि कचेऱ्या जिथे, तिथेच हा पैसा जास्त जातो. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक पुढे आणि ईशान्येकडची राज्ये मागे. शिवाय कंपनीला हवे असतात इंग्रजी अहवाल, तक्ते आणि छायाचित्रे. खेड्यातल्या कार्यकर्त्याला काम येते, अहवाल येत नाही.

तिसरा ओघ परदेशाचा. त्यावरचे नियंत्रण कडक होत गेले. गेल्या काही वर्षांत वीस हजारांहून अधिक संस्थांचे परदेशी देणगीचे परवाने रद्द झाले. २०२० च्या दुरुस्तीने परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला देण्यास मनाई केली. पूर्वी मोठ्या शहरातली संस्था देणगी घेऊन आडगावातल्या दहा लहान संस्थांना वाटून देत असे. गैरव्यवहाराला आळा घालण्यासाठी नियम झाला खरा, पण त्याने ती वाटही बंद झाली. आडगावच्या बालवाडीतल्या बाईंचे मानधन थांबले, याची नोंद कुठल्या तक्त्यात होणार?

लहान संस्थेचे मोल काय असते, हे गडचिरोलीने दाखवून दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घ्यायला लावले. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने त्याची दखल घेतली आणि पुढे सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेली. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालयही १९७६ मध्ये अकरा खाटांचेच होते. 'क्राय' ही मुलांसाठी काम करणारी संस्था १९७९ मध्ये मुंबईत काही मित्रांनी पन्नास रुपयांच्या भांडवलावर सुरू केली. आज मोठी दिसणारी ही नावे एकेकाळी कोणाच्याही ओळखीची नव्हती. त्या वेळी त्यांच्यावर कोणीतरी विश्वास टाकला, म्हणून ती टिकली.

शंका जरूर घ्यावी, पण विचारून

मग दारात आलेल्याला काय सांगावे? हाकलून देऊ नये आणि डोळे मिटून नोटही काढू नये. चार प्रश्न विचारावेत. नोंदणी क्रमांक काय? संस्थेचा पत्ता कोणता आणि तिथे येऊन पाहता येईल का? मागच्या वर्षीचा तपासलेला ताळेबंद मिळेल का? देणगी धनादेशाने किंवा बँकेमार्फत संस्थेच्या नावे देता येईल का? खऱ्या संस्थेचा कार्यकर्ता या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट आनंदाने माहिती देतो. नीती आयोगाच्या 'दर्पण' या संकेतस्थळावर अनेक संस्थांची माहिती पाहता येते. मात्र तिथले नाव म्हणजे चांगुलपणाचे प्रमाणपत्र नव्हे. ८०-जी या नावाने ओळखली जाणारी करसवलत साधारणतः देणगीच्या निम्म्या रकमेवर मिळते. पण दोन हजारांहून अधिक रक्कम रोख दिली तर ती मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळातच नाही. सवलतीसाठी देणाऱ्याने हे आधीच पाहून घ्यावे.

याहून सोपा मार्ग म्हणजे आपल्या घरापासून चालत जाता येईल अशी एखादी संस्था निवडावी. वर्षातून दोनदा मुलांना घेऊन तिथे जावे. मुले जेवतात काय, फळ्यावर काय लिहिले आहे, म्हाताऱ्यांचे अंथरूण स्वच्छ आहे का, हे डोळ्यांनी दिसते. ताळेबंद वाचता आला नाही तरी स्वयंपाकघर सर्वांनाच वाचता येते. दहा ठिकाणी पन्नास पन्नास रुपये देण्यापेक्षा एकाच ठिकाणी दरवर्षी पाचशे दिलेले बरे. लहान संस्थेला एकदाच मिळालेल्या मोठ्या रकमेपेक्षा नेमाने येणाऱ्या छोट्या रकमेचा आधार अधिक वाटतो, कारण बाईंचे मानधन महिन्याच्या महिन्याला द्यायचे असते.

खणातली ती पावती एकदा बाहेर काढून पाहावी. तिच्यावर पत्ता असेल. संध्याकाळी फिरायला जाताना वाट थोडी वाकडी करून तिथपर्यंत जाऊन यावे. पाटीमागे दार आहे की नाही, ते तिथेच कळेल.