धुवारी, फॉग लाइट आणि बाबांचं स्टार्टर

गाडीचं बेस मॉडेल घेणाऱ्यांची एक वेगळीच जमात असते. शोरूममध्ये ईएमआयचा हिशेब करता करता आपण अलॉय व्हील, म्युझिक सिस्टीम, फॉग लाइट अशा सगळ्यांवर फुली मारतो आणि ‘नंतर बाहेरून लावून घेऊ’ असं स्वतःलाच प्रॉमिस करतो. मीही त्यातलाच. माझ्या गाडीच्या बंपरमध्ये फॉग लाइटच्या जागी दोन काळी प्लॅस्टिकची झाकणं होती. तीन वर्षं मी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिक जॅममध्ये फॉग लाइट कशाला लागतोय राव?

मग जानेवारीत सुट्टी टाकून घरी गेलो. घर म्हणजे भातकुली, अमरावतीच्या जवळ. जैन मंडळींना तीर्थक्षेत्र म्हणून ठाऊक, बाकीच्यांना मॅप झूम करावा लागतो. आमच्या भागातल्या अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी हे कॉलर ताठ करून सांगतो. पण हायवे सोडून गावाकडे वळलात की रेकॉर्ड संपतो आणि खारपाणपट्टा सुरू होतो. जमिनीखाली खारं पाणी, वर काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि रस्त्याच्या कडा खाते. डांबर संपतं तिथून साइडपट्टी कुठे वीतभर खाली, कुठे हातभर.

त्या दिवशी आईला बडनेऱ्याहून सकाळची रेल्वे पकडायची होती. सहाला निघालो तर बाहेर धुवारी. धुकं हा शब्द आमच्याकडे महाबळेश्वरच्या फोटोपुरता. तुरीचा बहर जाळते ती धुवारी. काही दिसेना म्हणून मी हाय बीम मारला आणि समोर अक्षरशः पांढरी भिंत उभी राहिली. त्या भिंतीतून अचानक कुटारानं भरलेली बंडी निघाली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, चाक डांबरावरून खाली घसरलं, गाडी तिरकी होऊन थांबली. बंडीवाल्याला पत्ताही नाही, तो आपला पुढे गेला. आई काही बोलली नाही. फक्त दरवाज्यावरचं हॅण्डल तिनं बडनेऱ्यापर्यंत सोडलं नाही.

दुपारी अमरावतीत जाऊन फॉग लाइटचा किट घेतला. दुकानदार एलईडी बार दाखवत होता, ‘साहेब, रात्रीचा दिवस होईल.’ मोह झाला. पण सकाळची पांढरी भिंत आठवली. धुक्यात जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणं नव्हेच. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. हाय बीमचा उजेड वर आणि लांब जातो, थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. फॉग लाइट खाली बंपरमध्ये असतो, त्याचा झोत रुंद आणि चपटा, वरून कापल्यासारखा. तो लांबचं दाखवत नाही. जवळचा रस्ता आणि दोन्ही कडा दाखवतो. आमच्या रस्त्याला हवी होती ती कडाच.

आणि हो, पिवळा की पांढरा? पिवळा उजेड धुकं भेदून जातो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत हेडलाइटही पिवळेच लागत. पण धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पट मोठे असतात, त्यामुळे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा काहींच्या डोळ्यांना कमी टोचतो, एवढंच. मी पिवळे घेतले, कारण बाबांना आवडले.

आता वायरिंग. अंगणात गाडी लावून मी फोनवर डायग्राम उघडला आणि पाचव्या मिनिटाला घाम फुटला. ३०, ८५, ८६, ८७ हे काय लॉटरीचे नंबर आहेत? बाबा बाजूला उभे राहून पाहत होते. म्हणाले, “अबे, हे तं मोटरीचं स्टार्टर हाय.”

शेततळ्यावरच्या मोटरीचं स्टार्टर त्यांनी आयुष्यात शंभरदा तरी उघडलं असेल. तिथे बोटाएवढं बटण दाबलं की आतला कॉन्टॅक्टर खाली बसतो आणि मोठा करंट मोटरीला जातो. बटणातून तो करंट जातच नाही. रिले म्हणजे त्याचंच पिल्लू. प्रत्येकी ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॉट, १२ व्होल्टला भागा, साधारण ९ अ‍ॅम्पिअर. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या चिमुकल्या स्विचमधून नेला तर स्विच वितळेल, वायर जळेल.

मग पोरगा इंजिनीअर हेल्पर झाला आणि बाबा वायरमन. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. बॅटरीच्या प्लसवरून १५ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या जवळच, म्हणजे पुढे वायर कुठेही घासली तरी आग लागण्याआधी फ्यूज उडेल. तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून दोन्ही दिव्यांना. ८५ अर्थिंगला, ८६ स्विचला. स्विचला सप्लाय पार्किंग लाइटच्या वायरवरून, म्हणजे पार्किंग लाइट बंद केले की फॉग लाइटही बंद. अर्थिंगसाठी बाबांनी पत्र्यावरचा रंग खरवडून काढला. “रंगावर अर्थिंग कुठी लागते?” माझ्या डिग्रीत हे कुणी सांगितलं नव्हतं. (गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू नका. थेट कपलरला बसणारं तयार वायरिंग मिळतं, तेही आधी विचारून लावा.)

संध्याकाळी दिवे लागले. सॉलिड! मी गल्लीत गाडी उभी करून एकदा ऑन, एकदा ऑफ, लहान पोरासारखं चाललं होतं. बाबा वावरात गेले होते, कारण लाइनीची पाळी त्या आठवड्यात रात्रीची. नऊच्या सुमाराला समोरून त्यांची मोटरसायकल आली आणि मी ऐटीत स्विच दाबला. मोटरसायकल डगमगली. बाबांनी एक हात डोळ्यांवर धरला, पाय टेकवला आणि नालीच्या काठावर कसेबसे थांबले.

ओरडले नाहीत. जवळ येऊन शांतपणे म्हणाले, “तुले सारं दिसून रायलं, पण मले काहीच नाय दिसत. मंग धडक कोनाची चूक?”

सकाळी मी बंडीवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. रात्री मीच कुणाची तरी पांढरी भिंत झालो होतो, आणि तो कुणीतरी माझा बाप होता.

दिवे नुसते बोल्टनं आवळून मी मोकळा झालो होतो, सेटिंग केलंच नव्हतं. मग रात्रीच गोदामाच्या भिंतीसमोर सपाट जागेवर, २५ फुटांवर गाडी लावली. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूनं आखली, त्याच्या चार इंच खाली दुसरी रेघ. झोताची वरची कड त्या खालच्या रेघेवर आणली. बाबा मोटरसायकलवर बसून समोरून आले, डोळे न मिटता. पास!

चार दिवसांनी आईला आणायला पुन्हा पहाटे बडनेरा. पुन्हा धुवारी. लो बीम आणि फॉग लाइट, दोन्ही कडा पिवळ्या रेघांसारख्या दिसत होत्या. स्पीड मात्र तीसच्या वर नेला नाही. साठनं गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, आणि मला दिसत होतं जेमतेम तीस मीटर. फॉग लाइट स्पीड वाढवायला नसतोच. हे दुकानदार सांगत नाही. परतताना ऊन पडलं तसे दिवे बंद केले. स्वच्छ हवेत फॉग लाइट लावून फिरणं म्हणजे लायब्ररीत मोबाइल स्पीकरवर टाकणं. आईनं हॅण्डल धरलं नव्हतं, ती डुलक्या घेत होती.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा अमरावतीला गेलो आणि लाल रिफ्लेक्टर टेपचा एक रोल आणला. फॉग लाइटच्या पुढे त्याची किंमत म्हणजे चणे-फुटाणे. बाबा आणि मी गल्लीतल्या सहा बंड्यांच्या मागे पट्ट्या चिकटवल्या. एकानं विचारलं, हे कायले? बाबा म्हणाले, “याच्या गाडीचं राहिलेलं काम हाय.”

बेस मॉडेलवाल्यांनो, झाकणं काढा, दिवे लावा. पण खडू आणि टेप विसरू नका.