छातीवरचे नाव

खानदेशातल्या व्यापारी घरात मुलाने फुटबॉलचा विषय काढला की वडिलांचा पहिला प्रश्न पोटाचा असतो. जळगावच्या सागर पार्कवर काय किंवा धुळ्याच्या गरुड मैदानावर काय, संध्याकाळी राज्य चालते ते बॅट-चेंडूचे. त्यातून फुटबॉलवर कोणाचा प्रपंच चालणार? प्रश्न रास्तच आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ यायला हवा असा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मुलगा खेळून कमावू लागलाच, तर त्याच्या छातीवर नाव कोणाचे असेल?

हा प्रश्न खालिद जमील यांच्यापुढे ऐन उमेदीत उभा राहिला.

जमील यांचा जन्म १९७७ मध्ये कुवेतमध्ये, एका भारतीय मुस्लिम कुटुंबात झाला. आखाती युद्धामुळे हे कुटुंब १९९१ मध्ये भारतात परतले. मुलगा मुंबईत फुटबॉल खेळू लागला आणि महिंद्रा युनायटेडच्या मधल्या फळीत उभा राहिला. मधल्या फळीतल्या खेळाडूचे काम मोठे विचित्र असते. बचाव करणाऱ्याकडून चेंडू घ्यायचा, आक्रमकाच्या पायाशी नेऊन द्यायचा. गोल होतो तेव्हा टाळ्या दुसऱ्याला मिळतात. महिंद्रातून एअर इंडिया, तेथून पुन्हा महिंद्रा आणि अखेरीस मुंबई एफसी असा त्यांचा प्रवास झाला. मध्यंतरी भारतीय संघातूनही ते खेळले. दुखापतींनी मात्र त्यांची पाठ सोडली नाही.

त्या काळात भारतीय फुटबॉलपटूने नाव काढायचे म्हणजे कोलकात्याला जायचे. लाखभर प्रेक्षक, वर्तमानपत्रांचे मथळे आणि पैसा, सारे तेथेच. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही बलाढ्य क्लबांनी जमील यांना बोलावले होते. परंतु १९९८ मध्ये एका मद्य उद्योगसमूहाने या दोन्ही क्लबांत भागीदारी घेतली होती आणि दोघांच्या नावांआधी दारूच्या छापांची नावे लागली होती. ते नाव अंगावर मिरवायचे नाही, म्हणून जमील यांनी दोन्ही क्लबांना नकार दिला.

नकाराची किंमत उघड होती. ते मुंबईतच राहिले, कंपन्यांच्या संघांत, रिकाम्या बाकांसमोर. आपल्याकडच्या कित्येक पेढ्यांवर अमुक माल ठेवायचा नाही असा जुना दंडक असतो. शेजारचा दुकानदार त्याच मालावर माडी चढवतो आणि पेढी मात्र आहे तेथेच राहते. ज्यांनी हे घरात पाहिले आहे, त्यांना या नकाराचा भार समजावून सांगण्याची गरज नाही. येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. पुढे २०१७-१८ च्या हंगामात जमील प्रशिक्षक म्हणून ईस्ट बंगालमध्ये गेले आणि तेव्हाही त्या क्लबचा मद्यसमूहाशी असलेला संबंध पुरता तुटलेला नव्हता. माणसाचा दंडक आयुष्यभर एकाच जागी राहत नाही. तरीही तरुणपणी, पायांत बळ असताना दिलेला नकार त्यामुळे खोटा ठरत नाही.

मुंबईच्या संघांचे नशीबही काही निराळे नव्हते. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या महिंद्रा युनायटेडला मूळ कंपनीनेच २०१० मध्ये कुलूप लावले. त्याआधीच, २००९ मध्ये, जमील मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले होते. वय अवघे बत्तीस. हाती पैसा थोडा, खेळाडू इतरांनी सोडलेले. तरी २०१६ पर्यंत त्यांनी हा संघ खालच्या श्रेणीत घसरू दिला नाही. त्या वर्षी त्यांना जावे लागले. मिझोरममधील आयझॉल एफसीने त्यांना बोलावले. हा संघ आदल्याच हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. मुंबईचा मराठी मिडफिल्डर जयेश राणे आणि बचावपटू आशुतोष मेहता हेही आयझॉलला गेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि ईशान्येकडील क्लबने प्रथमच आय-लीग जिंकली. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली आणि पाठोपाठ बंदही पडली.

पुढे इंडियन सुपर लीगमध्ये कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षकपद मिळालेले ते पहिले भारतीय ठरले आणि १ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय संघ त्यांच्या हाती आला. तेरा-एक वर्षे हे पद परदेशी प्रशिक्षकांकडे होते. राष्ट्रीय संघाच्या अधिकृत सामन्यांत जर्सीच्या छातीवर प्रायोजकाचे नाव घालताच येत नाही. जमील यांच्या पहिल्याच सामन्यात संघाने ताजिकिस्तानला त्याच्याच मैदानावर २-१ असे हरवले आणि मध्य आशियातील त्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. ऑक्टोबरमध्ये मडगावला मात्र सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली.